माळ्यावरची चौदा पानं

आजोळची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. बोरीवली पश्चिम, शिंपोलीची आतली गल्ली, तीन मजले, लिफ्ट नाही. बोरीवलीकरांना यात नवीन काही नाही, सध्या दर दोन गल्ल्यांआड हिरवी जाळी आणि निळे पत्रे दिसतातच. तर "महिन्याभरात जागा खाली करा" अशी नोटीस आली आणि माळा रिकामा करायला मला बोलावणं आलं. मी हॉस्टेलवर राहतो, म्हणजे सामान चढवायची-उतरवायची मला सवय असणार, असा आजीचा समज.

माळ्यावरून तांब्याचा बंब निघाला, दोन ट्रंका निघाल्या, कुणाचीतरी पाळण्याची साखळी निघाली. आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकवलेली, सुतळीने बांधलेली जाड कागदांची एक गुंडाळी. आजी म्हणाली, "रद्दीत टाक." मी सुतळी सोडली. आत चित्रकथेची चौदा पानं होती. छापलेली नव्हेत, काढलेली! काळ्या शाईत, हाताने. राजपुत्र, घोडा, किल्ल्याचा बुरूज, आणि फुग्यांमध्ये सुबक मराठी अक्षरं. एका पानाच्या मागे पेन्सिलने दुधाचा हिशोब.

अक्षरं आजोबांची होती. हिशोबही त्यांचाच. ते सत्तरच्या दशकात गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरलेखन आणि पेस्टिंगचं काम करायचे, एवढं मला माहीत होतं. पण 'अक्षरलेखन' म्हणजे पाट्या रंगवणं असं मी इतकी वर्षं समजत होतो. असो.

त्या चौदा पानांमुळे गेल्या वर्षभरात मी बरंच वाचलं, दोन-चार जाणकारांना भेटलो आणि एक मोठी चूक केली. ती चूक कुणी परत करू नये म्हणून हा लेख. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी माळा असेल, आणि कितीतरी माळे येत्या दोन-चार वर्षांत रिकामे होणार आहेत.

आधी हे पान म्हणजे नेमकं काय ते बघू. आपण कॉमिक्स म्हणून जे वाचतो ती छापील प्रत. ती हजारोंनी निघते. पण त्या प्रत्येक पानामागे कुणीतरी एकदाच काढलेलं एक पान असतं, आणि ते छापील पानापेक्षा मोठं असतं. अमेरिकेत १९६७ च्या सुमारापर्यंत छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट काढायचे, नंतर दीडपट, म्हणजे १० बाय १५ इंच चित्र. छापताना ते दोन-तृतीयांश होतं. ईडीच्या शीटवर आपण स्केल १:२ लिहितो तसाच प्रकार, फक्त उद्देश वेगळा. लहान करताना हाताची थरथरही लहान होते. रेषेतली अर्ध्या मिलिमीटरची चूक छापून येताना एक-तृतीयांश मिलिमीटर होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या सबमिशनला ही सोय असती तर काय बहार आली असती!

आता गंमत पुढे आहे. आमच्या पानांवर काळ्या रेषांखाली फिक्या निळ्या पेन्सिलच्या रेषा आहेत. मला वाटलं, खोडायच्या राहिल्या. आजोबा हसले. "त्या खोडायच्याच नसतात. कॅमेऱ्याला दिसत नाहीत त्या."

हे ऐकून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. छापखान्यात चित्राचा फोटो काढायला प्रोसेस कॅमेरा असायचा आणि त्यात लिथ फिल्म. ही फिल्म निळ्या प्रकाशाला संवेदनशील, तांबड्याला जवळजवळ आंधळी. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. कोरा कागद जेवढा निळा प्रकाश परत पाठवतो, जवळपास तेवढाच फिकी निळी रेषाही पाठवते. म्हणजे फिल्मच्या लेखी ती रेषा पांढरीच! उलट लाल रेषा तिला काळी दिसते. त्यामुळे चित्रकार निळ्या पेन्सिलने बिनधास्त खरडायचा, चुकायचा, त्यावरच दुरुस्ती करायचा आणि मग ब्रशने किंवा निबने काळी शाई फिरवायचा. शाई चुकली तर वर पांढरा पोस्टर कलर. अक्षरं कधी थेट पानावर, कधी वेगळ्या कागदावर लिहून, कापून, रबर सोल्युशनने चिकटवलेली. मग त्या फिल्मवरून झिंकचा ब्लॉक बनायचा, किंवा पुढे ऑफसेटची प्लेट. ब्लॉक झाला की पानाचं काम संपलं.

संपलं म्हणजे अक्षरशः संपलं. आजोबा सांगतात, छापून झालेली पानं कटिंगच्या टेबलावर खाली अंथरायचे, ब्लेडने टेबल कापलं जाऊ नये म्हणून. चौदा पानं त्यांनी घरी आणली ती कला म्हणून नव्हे. "कागद जाड होता रे. पोरींच्या वह्यांना पुठ्ठे करू म्हटलं." (पोरी म्हणजे माझी आई आणि मावशी. पुठ्ठे झाले नाहीत, दुधाचा हिशोब तेवढा झाला.)

हे फक्त आपल्याकडे व्हायचं असं समजू नका. अमेरिकेत जॅक कर्बी नावाच्या चित्रकाराने मार्व्हलसाठी दहा हजारांहून जास्त पानं काढली. कॅप्टन अमेरिका, फँटॅस्टिक फोर, हल्क, हे सगळे त्याच्या हातचे. स्वतःची पानं परत मिळवायला त्याला अनेक वर्षं भांडावं लागलं आणि १९८७ मध्ये हातात पडली ती सुमारे दोन हजार. बाकीची कुठे गेली याचा पत्ता नाही.

आपल्याकडचं बघायचं तर 'अमर चित्र कथा'. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ती मुंबईत सुरू केली. पहिली दहा पुस्तकं परदेशी परीकथांची होती, अकरावं 'कृष्ण', राम वाईरकरांनी काढलेलं. पुढे १९८३ पासून 'टिंकल'मध्ये आलेला सुपंडीही वाईरकरांच्याच हातचा. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. बेचाळीस भागांचं महाभारत मुख्यतः दिलीप कदमांचं. पुण्याच्या प्रताप मुळिकांनी 'अमर चित्र कथा'ही काढली आणि राज कॉमिक्सच्या नागराजचे सुरुवातीचे अंकही. म्हणजे लहानपणी आपण सुट्टीत जे वाचलं त्यातलं किती मराठी हातांनी काढलेलं होतं बघा! पण यातली किती नावं तुम्हाला हा परिच्छेद वाचण्याआधी माहीत होती? मला दोन. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये 'अमर चित्र कथा'च्या भिवंडीच्या गोदामाला आग लागली, लाखो पुस्तकं जळाली. पुस्तकं पुन्हा छापता येतात. जे एकच असतं त्याचं तसं नाही.

इंद्रजाल कॉमिक्सचा किस्सा वेगळाच. टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघायची आणि १९९० मध्ये बंद झाली. आमच्या काकांच्या पिढीतले लोक अजून वेताळाचं नाव काढलं की डोळे मिटतात. तर अशा एकाने मला विचारलं, "फँटमचं ओरिजिनल पान मिळेल का रे मुंबईत?" मिळणार नाही, कारण ते मुंबईत कधी आलंच नव्हतं. आतली चित्रं न्यूयॉर्कच्या किंग फीचर्सकडून यायची, तीही छापील प्रूफच्या रूपात. इथे त्यावर भाषा बदलायची, नावं बदलायची (फँटमच्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं म्हणून ते 'डेंकाली' केलं होतं!), आणि मुखपृष्ठं रंगवायची. म्हणजे इंद्रजालचं मुंबईत हाताने काढलेलं काही हवं असेल तर ती मुखपृष्ठं शोधायला हवीत, किंवा १९७६ मध्ये आलेला 'बहादूर'. बहादूरची कथा आबिद सुरतींची, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. हे आबिद सुरती म्हणजे तेच, ज्यांनी २००७ मध्ये बोरीवलीपासून दोन स्टेशनं पुढे मीरा रोडला रविवारी घरोघरी प्लंबर घेऊन जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करायची मोहीम सुरू केली. डाकूंचा बंदोबस्त करणाऱ्या बहादूरचा निर्माता वॉशर बदलत फिरतो, हे मला फार आवडलं.

आता पैशांकडे येऊ, कारण हॉस्टेलवर ही पानं दाखवली तेव्हा पहिला प्रश्न तोच होता. "कितीला जातील?"

दोन उदाहरणं देतो. हर्जेने टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी १९३६ मध्ये एक मुखपृष्ठ रंगवलं. ते छापायला महाग पडेल म्हणून वापरलं गेलं नाही. चित्र घडी घालून एका ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. हर्जेने ते प्रकाशकाच्या सात वर्षांच्या मुलाला भेट दिलं होतं, असं विकणाऱ्या कुटुंबाने सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते सुमारे ३२ लाख युरोंना गेलं. घडीच्या रेषांसकट! दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. मार्व्हलच्या १९८४ च्या 'सीक्रेट वॉर्स'मधलं माइक झेकने काढलेलं एक पान जानेवारी २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरला विकलं गेलं. त्या पानावर स्पायडरमॅनचा काळा पोशाख पहिल्यांदा अंगावर आलेला दिसतो. त्याच अंकातलं त्याच्या आधीचं पान त्याच लिलावात होतं. चित्रकार तोच, कागद तोच, मेहनतही तेवढीच. ते गेलं सुमारे २ लाख ८८ हजारांना. म्हणजे पान उलटलं आणि किंमत बारापट!

मग किंमत कशाची? रेषेची असती तर दोन्ही पानं एका भावाने गेली असती. लोक पैसे मोजतात ते आठवणीचे. नायक पानावर आहे का, पोशाखात आहे का, प्रसंग कोणता, हे आधी बघतात. मुखपृष्ठाला सगळ्यात जास्त भाव, मग पूर्ण पानभर एकच चित्र असलेल्या पानाला, मग चौकटीवाल्या पानांना. दोन माणसं बसून बोलताहेत असं पान तळाला, मग ते कितीही सुंदर काढलेलं असो. शिवाय पान कुणाकडून कुणाकडे आलं याचा सरळ पुरावा हवा. टिनटिनच्या चित्राची ड्रॉवरची गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. आपल्याकडे विकत घेणारेच मोजके, त्यामुळे भाव असा काही ठरलेला नाही. एका व्यापाऱ्याने आमच्या घोड्यावरच्या राजपुत्राच्या पानाला दोन हजार देऊ केले आणि बाकीच्या तेरांना मिळून दोन हजार. माझं स्पष्ट मत, शेअरसारखं 'वाढेल' म्हणून कुणी ही पानं घेऊ नयेत. भिंतीवर लावून रोज बघावंसं वाटत असेल तर घ्यावीत.

घेताना फसवणूकही होते. आपण हॉस्टेलवर ईडीची शीट 'जीटी' मारतो ना, काचेखाली ट्यूब लावून? तसंच कुणीही छापील पानाचं जीटी मारून 'ओरिजिनल' म्हणून विकू शकतो. ओळखायचं कसं? दहापट भिंगाखाली बघा. ठिपके दिसले की ते छापील, विषय संपला. खऱ्या पानावर शाई सपाट नसते. मोबाइलची टॉर्च बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरा. ब्रशने दोनदा फिरवलेली जागा जास्त काळी, पांढऱ्या पोस्टर कलरची दुरुस्ती उंचवट्यासारखी, चिकटवलेल्या अक्षरांची कड सावली पाडते. खाली पेन्सिलची चाचपडणारी रेषा असते, शाईने न पाळलेली. जीटीवाल्याच्या पानात हे चाचपडणं नसतं, तो एकदम बरोबर उत्तराकडे जातो. (व्हायव्हातही असंच पकडतात आपल्याला.) आणि पान उलटून बघा. मागे अंकाचा महिना, पान नंबर, छापखान्याचा शिक्का असतो. किंवा दुधाचा हिशोब.

आता माझी चूक. गुंडाळी सापडली त्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मी एक पान लॅमिनेट करून आणलं. दुकानदाराला विचारलं, खराब नाही ना होणार? तो म्हणाला, "आयुष्यभर काही होत नाही." मार्कशीट करतो तसं केलं त्याने. गरम रोलरमधून गेल्यावर जुनं रबर सोल्युशन वितळलं, दोन फुग्यांमधली अक्षरं सरकली आणि तपकिरी डाग पसरला. प्लास्टिक आता निघत नाही. काढायला गेलं तर शाई घेऊन निघेल. आजोबांनी ते पान बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "दुसरा फुगा मी तीनदा लिहिला होता." बस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर नीट माहिती काढली ती अशी. जे पुन्हा काढता येत नाही ते करू नका, हा पहिला नियम. लॅमिनेशन नाही, प्लायवर चिकटवणं नाही, सेलोटेप तर अजिबात नाही. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग राहतोच. गुंडाळी एकदम उलटी वळवून सरळ करायला जाऊ नका, जुनी शाई तडकते. स्वच्छ कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर हळूहळू वजन वाढवा. आमच्या तेरा पानांवर मी तीन आठवडे थर्मोची पुस्तकं ठेवली होती. त्यांचा एवढा उपयोग आधी कधी झाला नव्हता.

स्वस्त कागदात लिग्निन असतं आणि आम्लही. हवा-उजेड लागला की तो पिवळा, ठिसूळ होतो. म्हणून पानाला चिकटून जे काही असेल, माउंट, मागचा पुठ्ठा, फाइल, ते आम्लविरहित हवं. फ्रेमवाले सवयीने हार्डबोर्ड लावतात, तो नको म्हणून आधीच सांगावं लागतं. पीव्हीसीचे फोल्डर काही वर्षांनी चिकट होतात, पॉलिएस्टरचे घ्यावेत. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. नाहीतर पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरतं आणि शाई काचेला चिकटते.

उजेडाचं गणित मी करून बघितलं. कागदावरच्या कलाकृतींसाठी म्युझियमवाले साधारण ५० लक्स उजेड धरतात. रोज आठ तास म्हटलं तर वर्षाचे १,४६,००० लक्स-तास. आजोळच्या पश्चिमेच्या खिडकीत दुपारी १०,००० लक्स सहज येतो, म्हणजे म्युझियमचा वर्षाचा कोटा तिथे पंधरा तासांत संपतो. चार दुपारी! काळी शाई कार्बनची, तिला फारसं काही होत नाही. पण रंगीत शाया आणि स्केचपेनचे रंग उडतात, आणि कागद तर काळ्या-पांढऱ्या पानाचाही पिवळा पडतोच.

मुंबईत मात्र उजेडापेक्षा ओल वाईट. जुलैत इथल्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि आपल्या बिल्डिंगांच्या बाहेरच्या भिंती पाणी धरतात, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. तिथे फ्रेम टांगली की मागून बुरशी आलीच. आतली भिंत निवडावी, फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना रबराच्या गोळ्या लावून बोटभर हवा खेळती ठेवावी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा उतरवून मागे बघावं. कपाटात ठेवणार असाल तर सिलिका जेल ठेवा, निळ्याचं गुलाबी झालं की वाळवून परत वापरा. कसर लागते ती अशा बंद, दमट जागीच. आणि सगळ्यात आधी, काहीही करायच्या आधी, सगळी पानं ६०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा. हे मी लॅमिनेशनच्या आधी करायला हवं होतं.

चांगलं कसं मांडतात ते बघायचं तर पुण्यात बालेवाडीला २०२२ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांचं म्युझियम उघडलं, बंगळुरूला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्टूनिस्ट्सची गॅलरी आहे. शि. द. फडणीसांनी तर 'हसरी गॅलरी' भरवून मासिकातलं चित्र भिंतीवर आणलंच होतं.

एक प्रश्न उरला होता. व्यापाऱ्याचे चार हजार घ्यायचे की नाही? मामा म्हणाला घ्या, नव्या जागेत माळाच नाही. आजोबा म्हणाले, "विकायला ती माझी आहेत कुठे? मी अक्षरं लिहिली. चित्रं त्यांची."

कायद्यात बघितलं तर यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद कुणाचा, हे एक. चित्र छापायचा हक्क कुणाचा, हे दुसरं. पान विकत घेतलं म्हणून त्याचे टी-शर्ट छापता येत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. मासिकाच्या नोकरीत असताना काढलं की बाहेरून कंत्राटावर, करारात काय होतं, यावर तो कुणाकडे ते ठरतं. आणि त्यातलं कलम ५३अ फार थोड्यांना माहीत आहे. मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत १०,००० रुपयांच्या वर असली, तर हक्काचा पहिला मालक असलेल्या चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. आमचा सौदा चार हजारांचा, म्हणजे कलम लागू होत नव्हतं. पण आजोबांना कलम नको होतंच.

चित्रकार जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचं नाव मुद्दाम देत नाही. आजोबांनी जुन्या ओळखीतून फोन नंबर मिळवला, मुलगा दहिसरला राहतो असं कळलं. एका शनिवारी आम्ही दोघं पानं दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून रिक्षाने गेलो. आजोबांनी पूर्ण रस्ताभर ती मांडीवर आडवी धरली होती.

त्या काकांनी वडिलांचं छापलेलं सगळं जपून ठेवलं होतं, पण मूळ पान एकही पाहिलं नव्हतं. त्यांनी पहिलं पान उचललं, खिडकीपाशी नेलं आणि निळ्या रेषांवरून बोट फिरवत राहिले. मग विचारलं, "हे खाली काय आहे?" आजोबा उठून त्यांच्याजवळ गेले आणि कॅमेरा, फिल्म, लाल दिवा असं सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. चहा गार झाला.

नऊ पानं त्यांनी ठेवली. पाच आजोबांना परत दिली, "अक्षरं तुमची आहेत" म्हणून. लॅमिनेट केलेलं पान कुणी घ्यायचं यावर थोडा वाद झाला. ते शेवटी माझ्याकडे आलं. हॉस्टेलच्या खोलीत, आतल्या भिंतीवर आहे.